संक्रांतीचा तिळगूळ-हलवा वर्ग: सोसायटीत मोठ्या माणसांसाठी कसा घ्यावा

तिळाच्या लाडवांची कृती आता कुणाला शोधत बसावी लागत नाही. फोन उघडला की पन्नास सापडतात. तरी दर जानेवारीत कुणाचे लाडू दगड होतात, कुणाची वडी ताटात पडतच नाही, कुणाची चिक्की दाढेला घोरपडीसारखी चिकटून बसते. कृतीत 'पाक झाला की तीळ घाला' एवढं लिहिलेलं असतं, आणि सगळी विद्या त्या 'झाला की'मध्ये असते. ती वाचून येत नाही. कुणीतरी शेजारी उभं राहून "हं, आता उतरव" असं चार-दोन वेळा म्हणावं लागतं.

पूर्वी ते म्हणायला घरात कुणी ना कुणी असायचं. आता तिशी-चाळिशीतल्या किती तरी घरांत ते माणूस दुसऱ्या गावी आहे किंवा राहिलेलं नाही. म्हणून पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी संक्रांतीआधी मोठ्यांसाठी वर्ग घेऊ लागले. पहिल्या वर्षी हौसेने दोन तासांत पाच पदार्थ ठेवले: लाडू, मऊ वडी, चिक्की, रेवडी आणि हलवा. सगळे घाईत झाले आणि एकही नीट झाला नाही. घरी जाताना लोकांच्या हातात डबा होता, पण दुसऱ्या दिवशी स्वतःच्या ओट्यावर एकालाही पाक जमला नाही. तेव्हा कळलं की वर्ग पदार्थांचा ठेवायचा नाही, पाकाचा ठेवायचा. पदार्थ दोनच घ्यावेत, फार तर हलवा धरून तीन. पुढे जे लिहिते आहे ते या एका गोष्टीभोवती बेतलेलं आहे. तुमच्या सोसायटीत, वाचनालयाच्या हॉलमध्ये, महिला मंडळात किंवा परदेशातल्या महाराष्ट्र मंडळात असा वर्ग घ्यायचा असेल तर जसंच्या तसं वापरा.

दिवस आणि माणसं

संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. त्याआधी दहा-बारा दिवसांवरचा रविवार सकाळी १० ते १ धरा. या तीन तासांत पाक, लाडू आणि चिक्की. त्याच आठवड्यात सोमवार ते बुधवार, रोज संध्याकाळी दोन तास हलवा. म्हणजे हलवा वाळायला आणि कुणाला हलव्याचे दागिने करायचे असतील तर ते गुंफायला दिवस उरतात. संक्रांतीच्या आदल्या रविवारी वर्ग ठेवू नका. भोगीची भाजी, वाणाची खरेदी, हळदीकुंकवाची तयारी यांत लोक अडकलेले असतात आणि निम्मी मंडळी येत नाहीत. आधी जमलंच नाही तर संक्रांतीनंतर घ्या. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, तिळगूळ तोवर लागतोच.

बारा जण पुरे. चार टेबलं, टेबलापाशी तिघं. एकाच्या हातात उलथणं, दुसऱ्याकडे पाण्याची वाटी आणि पाक तपासण्याचं काम, तिसऱ्याकडे तूप लावलेलं ताट आणि गरम ठेवलेले तीळ. दर पाकाला कामं फिरवायची. चौघं झाले की एक जण नुसता बघत उभा राहतो आणि दोघं झाले की नेमक्या क्षणी हात कमी पडतात.

पुरुषांना आवर्जून बोलवा. आमच्याकडे निवृत्त झालेले दोन-तीन काका येतात आणि पाक त्यांना फार लवकर कळतो. त्यातल्या एकांनीच पहिल्यांदा थर्मामीटर आणला. तोवर मी आईकडून शिकले तशी फक्त बोटांनी पाक बघत होते.

सोसायटीतल्या एखाद्या आजींना खुर्ची द्या आणि 'पाक बघायला' बसवा. व्याख्यान नको. प्रत्येक टेबलाने आपला थेंब बशीत घेऊन त्यांना दाखवायचा. "अजून नाही गं" आणि "झाला, उतरव" हे दोन निर्णय त्या देतील. लोकांना वर्गातलं सगळ्यात जास्त तेच लक्षात राहतं.

लहान मुलं मात्र नकोत. पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, चिक्कीचा पाक १४५ अंशांपर्यंत जातो आणि कातडीला लागला की चिकटून तिथेच राहतो. मुलांसाठी दुसऱ्या खोलीत पतंग-बितंग काहीतरी ठेवा. यात तडजोड करू नका.

हॉलची तयारी

आधी विजेचं बघा. एक इंडक्शन शेगडी पूर्ण ताकदीवर साधारण २,००० वॅट खाते. १६ अँपिअरच्या लाइनवर २३० व्होल्टला जेमतेम ३,६८० वॅट मिळतात, म्हणजे एका लाइनवर दोन शेगड्या लावल्या की फ्यूज उडायची तयारी. चार शेगड्यांना चार वेगवेगळ्या लाइन लागतील. हॉलमध्ये तेवढ्या आहेत का, हे सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला आधी विचारा. गॅस वापरणार असाल तर समितीची परवानगी घ्या, सिलिंडर दारापासून आणि वाटेपासून लांब, उभा ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा. माझं मत इंडक्शनच्या बाजूने आहे, पण हलव्यासाठी आच फार मंद लागते आणि पुष्कळ इंडक्शन मंद आचेवर थांबून-थांबून चालतात. म्हणून हलव्याला एखादी गॅसची शेगडी किंवा साधी कॉइलची शेगडी असू द्या.

दर टेबलाला लागणारी भांडी: एक जाड बुडाची कढई, एक जाड बुडाचं छोटं पातेलं, लांब दांड्याचं लाकडी उलथणं, सांडशी, दोन स्टीलची ताटं, पोळपाट-लाटणं, बटर पेपर, एक धारदार सुरी, गार पाण्याची मोठी वाटी आणि जमल्यास २०० अंशांपर्यंत मोजणारा थर्मामीटर. नॉनस्टिक नको. त्यात पाकाचा रंग नीट दिसत नाही आणि रंग दिसणं फार गरजेचं आहे.

येणाऱ्यांना आधीच कळवा: सुती कपडे, केस बांधलेले, अंगठ्या-बांगड्या घरी काढून ठेवलेल्या. नायलॉनची ओढणी किंवा सिंथेटिक साडी शेगडीपाशी नको. तीळ किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हे नाव नोंदवतानाच विचारा. तिळाची ॲलर्जी आपल्याकडे कुणी फारशी धरत नाही, पण ती असते आणि तीव्रही असू शकते. अमेरिकेत तर २०२३पासून तीळ मुख्य ॲलर्जनच्या यादीत आहे. तिकडच्या मंडळांनी हे विसरून चालणार नाही.

भाजल्यावर काय करायचं हे वर्ग सुरू होण्याआधी सांगायचं, भाजल्यावर नाही. हात लगेच नळाच्या गार वाहत्या पाण्याखाली धरायचा आणि वीस मिनिटं धरून ठेवायचा. चिकटलेला पाक ओढून काढायचा नाही, पाण्याने तो आपोआप विरघळतो. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको, तूप नको. फोड आला तर फोडायचा नाही. मोठं भाजलं किंवा चेहऱ्यावर, डोळ्यापाशी उडालं तर सरळ डॉक्टर.

सामान, बारा जणांसाठी

गावरान किंवा पॉलिश केलेले तीळ सव्वा किलो, कच्चे शेंगदाणे २ किलो, चिक्कीचा गूळ ३ किलो, साखर ३ किलो, सुकं खोबरं पाव किलो, पंढरपुरी डाळं पाव किलो, साजूक तूप पाव किलो, वेलची, जायफळ, चिमूटभर खाण्याचा सोडा, एक पेलाभर दूध. हलव्यासाठी वेगळे पांढरेशुभ्र पॉलिशचे तीळ २०० ग्रॅम.

गुळाबद्दल थोडं सविस्तर, कारण निम्मे वर्ग गुळापाशी फसतात. दुकानात नुसता 'गूळ द्या' म्हटलं की पोळीचा, भाजी-आमटीचा साधा गूळ मिळतो. 'चिक्कीचा गूळ' वेगळा मागायचा. तो जास्त चिवट असतो आणि त्याचा पाक कडक होतो. साध्या गुळाची मऊ वडी छान होते, पण चिक्की करायला जाल तर ती ठिसूळ होते, नाहीतर ओलसर राहते. माझ्या पहिल्या वर्षीच्या फजितीत साध्या गुळाचा हात मोठा होता. गूळ आणल्यावर वर्गाच्या आदल्या दिवशी घरी एक घाणा करून बघाच. गुळागुळात फरक असतो, एकाच दुकानातल्या दोन ढेपांतही असतो.

परदेशात चिक्कीचा गूळ मिळत नसेल तर साध्या गुळात पाव किलोला एक टेबलचमचा लिक्विड ग्लुकोज किंवा कॉर्न सिरप घाला. त्याने पाक साखरत नाही आणि चिक्कीला हवा तो चिवटपणा थोडाफार येतो.

शेंगदाणे आणि तीळ आदल्या दिवशी भाजून ठेवा. वर्गात भाजत बसलात तर पाऊण तास जातो. तीळ मंद आचेवर, एका वेळी पाव किलोहून जास्त नाही. ते तडतडायला लागले, फुगीर झाले आणि वास सुटला की उतरवायचे. लालसर होईपर्यंत थांबलात तर कडवट होतात आणि तो कडवटपणा गुळातही लपत नाही. शेंगदाणे भाजून, सालं काढून, दोन भागांत फोडून चिक्कीसाठी ठेवा. लाडवांपुरते भरड कुटा. मिक्सरमध्ये बारीक झालेल्या कुटाला तेल सुटतं आणि लाडू तुपकट लागतात.

पहिला तास: नुसता पाक

या तासात खायचं काहीच होत नाही. साखर आणि गूळ मुद्दाम वाया घालवायचा. लोक जरा कुरकुर करतात, पण हा तास गाळू नका.

प्रत्येक टेबलाने पातेल्यात २०० ग्रॅम साखर आणि १०० मिलिलिटर पाणी घ्यायचं. साखर विरघळेपर्यंत ढवळायचं, उकळी फुटली की उलथणं बाजूला ठेवायचं. इथे दर वर्षी मला ओरडावं लागतं, "अहो काका, ढवळू नका!" हात आपोआप जातोच. पातेल्याच्या कडेला साखरेचे कण चिकटलेले असतात. ढवळताना त्यातला एखादा आत पडला की त्याच्याभोवती बाकीची साखर जमा होते आणि पाक साखरतो. कडेचे कण ओल्या ब्रशने पुसून घ्यायचे किंवा दोन मिनिटं झाकण ठेवायचं, म्हणजे वाफेने ते धुऊन निघतात.

आता समजावून सांगा की आत काय चाललंय. पाणी उडून जातंय, बस. पाक जितका आटेल तितका जास्त अंशाला उकळतो. म्हणजे थर्मामीटर खरं तर पाकात किती पाणी उरलं हेच सांगतो. एकतारीला साधारण ७० टक्के साखर असते, गोळीबंदला ८५ ते ९२, आणि कडक पाकाला ९९. हे कळलं की 'आच मोठी केली तर चांगला पाक होतो का?' असे प्रश्न आपोआप मिटतात. मोठ्या आचेवर पाक फक्त लवकर पुढे जातो, आणि तुमचं लक्ष नसताना जातो.

मग एकेक टप्पा हाताने बघायचा. पातेल्यात बोट कधीही नाही. चमच्याने थेंब बशीत घ्यायचा, चार-पाच सेकंद थांबायचं, मग.

एकतारी: थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं हळूच लांब केली की एक तार निघते. साधारण १०४ ते १०६ अंश. दोन तारा दिसल्या की दोनतारी, ११० अंशांच्या आत-बाहेर. या दोन टप्प्यांत वेळ फार थोडा असतो, मध्यम आचेवर दोनेक मिनिटंच.

गोळीबंद: गार पाण्याच्या वाटीत थेंब टाकला की तो विरत नाही, बोटांनी गोळा करता येतो. गोळी मऊ, दाबली की चपटी होणारी असेल तर ११५ अंशांच्या आसपास. दाबून आकार धरून ठेवणारी, घट्ट असेल तर १२० ते १२५. लाडवांचा पाक या घट्ट गोळीचा.

कडक: वाटीत टाकलेला थेंब काढून वाकवला तर 'कट्' करून मोडतो. ताटात टाकला तर खडा टाकल्यासारखा आवाज येतो. १४५ ते १५०. साखरेला इथपर्यंत यायला बराच वेळ लागतो, मग एकदम रंग धरायला लागते.

तीन टेबलांना इथे आच बंद करायला सांगा. चौथ्या टेबलाला मात्र आधीच वेगळं काम दिलेलं असू द्या: दोनतारीलाच उतरवून जोरात घोटायचं, चिमूटभर साखर वरून टाकून. मिनिटाभरात पारदर्शक पाक पांढरा, दुधाळ होतो आणि मग एकदम कोरडा चुरा. सगळ्यांना त्या पातेल्याभोवती बोलवा. दोन्ही पातेल्यांत सुरुवातीला साखर तीच, पाणी तेवढंच, पण एकात काच आणि दुसऱ्यात पीठ. चिक्कीला ती काच हवी. हलव्याचा काटा, म्हणजे दाण्यावरची बारीक टोकं, हेच पीठ, पण एकेका थेंबाने, तिळावर बसवलेलं. माझ्या मते वर्गाचा सगळ्यात मोलाचा क्षण हा. यानंतर चिक्की का बिघडली आणि हलवा का नाही झाला, हे लोक स्वतःच ओळखू लागतात.

थर्मामीटरबद्दल एक सूचना. आधी तो उकळत्या पाण्यात बुडवून बघा. समुद्रसपाटीपासून वर गेलं की पाणी १०० अंशांच्या आधीच उकळतं, साधारण दर ३०० मीटरला एक अंश कमी. पुण्यात ९८ दिसेल, महाबळेश्वरला ९५-९६. जितके अंश कमी दिसतील तितके वरच्या सगळ्या आकड्यांतून वजा करायचे. काही थर्मामीटर मुळातच दोन-तीन अंश चुकतात, तेही इथेच कळतं.

साखरेनंतर १५० ग्रॅम गुळावर हाच प्रयोग करा, दोन चमचे पाणी घालून. गूळ ढवळला तरी साखरत नाही, कारण त्यात साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतात आणि ते स्फटिक जमू देत नाहीत. उलट गूळ ढवळावाच लागतो, नाहीतर बुडाला लागतो. गुळासाठी थर्मामीटरपेक्षा पाण्याच्या वाटीवर जास्त भरवसा ठेवा. १५० अंशांच्या पुढे गूळ करपून कडू होतो, म्हणून चिक्कीचा पाक 'कट्' आला की लगेच उतरवायचा.

वाया गेलेला पाक मोरीत ओतू नका, नळीत गोठून बसतो. भांड्यात पाणी घालून पुन्हा उकळलं की सगळं सुटून येतं, मग पातळ करून टाका.

लाडू

दर टेबलाला: भाजलेले तीळ २५० ग्रॅम, भरड कूट १०० ग्रॅम, खोबऱ्याचा भाजलेला कीस ५० ग्रॅम, डाळं ५० ग्रॅम, बारीक चिरलेला चिक्कीचा गूळ ३०० ग्रॅम, तूप एक टेबलचमचा, वेलची-जायफळ पूड. साधारण तीस लाडू होतात.

तीळ, कूट, खोबरं, डाळं एकत्र करून दुसऱ्या शेगडीवर अगदी मंद गरम ठेवा, किंवा झाकून उबदार ठेवा. ही पायरी कृतीत क्वचित लिहिलेली असते. थंडगार तीळ पाकात पडले की पाक तिथल्या तिथे आवळतो आणि मिश्रण एकजीव व्हायच्या आतच गठ्ठा होतो.

कढईत तूप, त्यावर गूळ, दोन चमचे पाणी. मध्यम आचेवर ढवळत राहायचं. गूळ विरघळतो, मग मोठे बुडबुडे येतात, मग बुडबुडे लहान आणि दाट होतात. आता वाटीत थेंब. घट्ट गोळी झाली की आच बंद, वेलची-जायफळ, तीळ, आणि तिघांपैकी दोघांनी मिळून भराभर कालवायचं. मऊ लाडू हवे असतील तर गोळी मऊ असतानाच उतरवा. खुटखुटीत हवे असतील तर गोळी ताटावर टाकून 'टक्' वाजेपर्यंत जा. आमच्याकडे यावरून दरवर्षी दोन तट पडतात. मी खुटखुटीतच्या बाजूची आहे, पण दातांचा विचार करून आजींसाठी एक टेबल मऊ करतं.

वळायला चार-पाच मिनिटं मिळतात, जास्त नाही. तळव्याला तूप-पाण्याचा हात लावायचा, चमच्याने मिश्रण ताटात वेगवेगळं टाकायचं आणि तिघांनी एकदम वळायचं. एकटीने करायला बसलं की निम्मं मिश्रण वळून होईतो उरलेलं कढईत दगड होतं. माझी आई म्हणूनच लाडवांच्या दिवशी शेजारच्या दोघींना हाक मारायची. तेव्हा मला वाटायचं गप्पांसाठी बोलावते. संक्रांतीचा लाडू अनेक हातांसाठीच बेतलेला आहे, आणि वर्गात ते फार चांगलं कळतं. मिश्रण आवळलंच तर कढई मिनिटभर मंद आचेवर ठेवा, पुन्हा सैल होतं. पण एकदाच. पुन्हा पुन्हा तापवलं की पाक पुढे जातो.

चिक्की

शेंगदाण्याच्या डाळी २५० ग्रॅम, चिक्कीचा गूळ २०० ग्रॅम, तूप एक चमचा, सोडा दोन बोटांच्या चिमटीत मावेल इतका. पोळपाट, लाटणं आणि सुरीला आधीच तूप लावून ठेवा. नंतर वेळ मिळत नाही.

पाक लाडवांसारखाच सुरू करायचा आणि कडक होईपर्यंत न्यायचा. मधला टप्पा फसवा आहे. थेंब पाण्यातून काढला की मोडतो खरा, पण चावला की दाताला चिकटतो. हा पाक अजून कच्चा आहे. पूर्ण झालेला थेंब दाताखाली कुडकुडतो आणि चिकटत नाही. तिघांनीही चावून बघा, अर्थात पाण्यात गार झाल्यावर. मग आच बंद करून सोडा टाकायचा. गूळ किंचित आंबट असतो, त्याची सोड्याशी गाठ पडली की वायू सुटतो, पाक फसफसून वर येतो, आणि ते बारीक बुडबुडे चिक्कीत राहून ती हलकी, कुरकुरीत होते. सोडा जास्त पडला तर साबणासारखी चव येते.

लगेच शेंगदाणे, लगेच पोळपाटावर, वर बटर पेपर, आणि लाटणं जोरात. जितकी पातळ तितकी चांगली. गरम असतानाच सुरीने खोल रेषा मारायच्या. मिनिटाभराने सुरी चालत नाही, मग तुकडे वेडेवाकडे पडतात. वेडेवाकडे तुकडेही चवीला तेच, पण हळदीकुंकवाला चौकोन शोभतात.

पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका. गूळ हवेतलं पाणी ओढतो, म्हणून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आणि थरांमध्ये बटर पेपर. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे जास्तच सांभाळावं लागतं. अशी ठेवली तर चिक्की तीन आठवडे कुरकुरीत राहते.

हलवा: तीन संध्याकाळी

बारापैकी पाच-सहा जणच हलव्याला थांबतील आणि तेवढेच बरे. हलव्याला घाईचं माणूस चालत नाही.

त्यांना आधी तीन बशा दाखवा: नुसते तीळ, एका दिवसाचा हलवा आणि पूर्ण काटा फुललेला. पहिल्या दिवशी काटा येतच नाही आणि बशी पाहिलेली नसेल तर लोक तिथेच हिरमुसतात.

दोन टेबलचमचे पॉलिशचे तीळ चाळून, पुसून, किंचित गरम करून घ्या. तिळाऐवजी साबुदाणा, खसखस, बडीशेप, खरबुजाच्या बिया, लवंगसुद्धा चालते. शिकायला मात्र तीळच सोपे. पाकासाठी एक वाटी साखर, अर्धी वाटी पाणी. उकळी आली की एक चमचा दूध घाला. मळी वर येते, ती झाऱ्याने काढा आणि पाक गाळा. मग जेमतेम एकतारी. काहीजणी यात लिंबू पिळतात. मी पिळत नाही, कारण आंबटाने साखर फुटून तिचं स्फटिक होणं अडतं, आणि हलव्याला नेमके स्फटिकच हवे असतात.

कढई अगदी मंद आचेवर. तळाला बोट टेकवता आलं पाहिजे, इतपतच गरम. तिळांवर अर्धा चमचा कोमट पाक आणि बोटांच्या टोकांनी सतत फिरवत राहायचं. ओले, चिकट दाणे हळूहळू सुटे होतात, कोरडे पडतात, खळखळ आवाज येतो. मग पुढचा अर्धा चमचा. पहिले दहा-पंधरा चमचे नुसता पांढरा थर बसतो. अर्ध्या तासाने जमलेला साखरेचा भुगा चाळून बाजूला करा, तो पुढच्या पाकात घालता येतो. दोन तास झाले की दाणे ताटात पसरून, मलमलचं फडकं टाकून रात्रभर उघडे ठेवा.

दुसऱ्या संध्याकाळी ताजा पाक. आता हात हलका ठेवायचा. दाणे दाबून घासले तर उगवू पाहणारा काटा मोडतो. पाक जास्त पडला की दाणे एकमेकांना चिकटून गोळे होतात, आच वाढली की काटा विरघळतो आणि रंग पिवळट होतो. या दिवशी कधीतरी, बहुधा तुम्ही कंटाळायला लागलेले असताना, दाण्यांवर बारीक टोकं दिसू लागतात. तिसऱ्या दिवशी ती वाढवायची. केशराचा किंवा रंगाचा हलवा हवा असेल तर रंग शेवटच्या सात-आठ चमच्यांतच घाला. दागिन्यांसाठी पांढराच ठेवा, काळ्या साडीवर आणि बोरन्हाणाच्या काळ्या झबल्यावर तोच उठून दिसतो.

कोरडी, थंड हवा हलव्याला फार मानवते. मुंबईत काटा उशिरा येतो, तिथे खोलीत पंखा लावून ठेवा, पण कढईवर थेट वारा नको. परदेशात हिवाळ्यात हीटर चालू असलेल्या खोलीतली कोरडी हवा इथे कामाला येते.

मागच्या वर्षी आमच्याकडे नुकतंच लग्न झालेली एक मुलगी तिन्ही संध्याकाळी आली. पहिली संक्रांत, घरच्यांनी बाजारातून हलव्याचे दागिने आणायचं ठरवलेलं. तिने स्वतःच्या हलव्याचं फक्त मंगळसूत्र गुंफलं, तेवढेच दाणे जमले होते. काटा एका बाजूला जरा बोथट होता. हळदीकुंकवाला खुर्चीतल्या आजींनी ते हातात घेऊन चष्म्याजवळ नेलं, उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "दुसऱ्या दिवशी आच मोठी झाली होती ना गं?" झाली होती. यंदा ती डिसेंबरातच नाव नोंदवून गेली आहे.